बदलू, सोडू, की दोन्ही ठेवू?

रविवार, ५ जानेवारी. दुपारी १२:०५

घटनाक्रम.

१. सकाळी ११:१०. अस्मिताच्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड माझ्या लॅपटॉपला लावलं. कार्डवर तीन फोल्डर, प्रत्येकात ३१ गाणी. एकूण ९३.

२. ११:१२. तिन्ही फोल्डरमधल्या ऑडिओ फायली एकदम शोधल्या, सगळ्या निवडल्या, कट केल्या आणि माझ्या एका फोल्डरमध्ये पेस्ट केल्या. तेच काम तीनदा करण्यात अर्थ नव्हता.

३. स्क्रीनवर उरलेला वेळ: ४ मिनिटं. मग २ तास. मग ९ सेकंद. मग १ दिवस.

४. ११:३१. प्रश्न आला. या नावाची फाइल इथे आधीच आहे. बदलू, सोडू, की दोन्ही ठेवू?

५. मी 'बदल' दाबलं. खाली 'सगळ्यांसाठी हेच' असा चौकोन होता. त्यातही खूण केली.

६. ११:३४. काम संपलं. कार्डवर ० फायली. लॅपटॉपवर ३१.

७. दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे.

त्याच दिवशी, दु. ३:४०

जेवण झालं. शांतपणे पुन्हा वाचलं. सातही मुद्दे बरोबर आहेत.

पार्श्वभूमी. अस्मिता ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. चार वर्षं. ती तळवलीची. तिची आजी शेवंताबाई धवलारीण आहे, म्हणजे आगरी लग्नात जी गाणी म्हणून एकेक विधी लावते ती बाई. डिसेंबरात आजींच्या घशाचं छोटं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मार्च संपेपर्यंत गायला मनाई केली आहे. अस्मिताचं लग्न १६ फेब्रुवारीला. आजींच्या हाताखाली शिकणाऱ्या राहीबाई गाणार आहेत. त्यांना सगळी गाणी येत नाहीत. अस्मितानं आजवर तीन लग्नांत आजींची गाणी फोनवर घेतली होती, त्यावरून त्या शिकणार.

कार्ड मीच मागून घेतलं. दे इकडे, मी नीट कॉपी करून देते, तू केलंस तर काहीतरी घालवशील, असं मी म्हटलं होतं.

अस्मितानं प्रत्येक फोल्डरमध्ये गाण्यांना विधीची नावं दिली होती. मांडव, तेल, हळद, असं. तिन्ही लग्नांत तीच नावं. गाणी मात्र वेगळी, कारण प्रत्येक घराचे देव वेगळे, माणसं वेगळी. हे मला आता, उरलेली ऐकल्यावर कळलं. शेवटच्या फोल्डरनं आधीच्या दोघांना पुसलं.

नावं देण्याची ही पद्धत अत्यंत बेफिकीर आहे. पण मी अस्मिताला दोष देत नाही.

सोमवार, ६ जानेवारी

लिफ्टमध्येच विचारलं तिनं, झाली का गं गाणी? मी म्हटलं, चालू आहे. हे खोटं नाही. माझा विचार चालू आहे.

राहीमावशी रोज डोकं खातेय, म्हणाली. सराव कधी करू, का मांडवात उभी राहून रिंगटोन वाजवू, असं विचारते. मी म्हटलं, दोन दिवस.

परिस्थिती गंभीर नाही. हलवलेली किंवा डिलीट केलेली फाइल कार्डवरून लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा फक्त रिकामी म्हणून जाहीर होते. दुसरं काही येऊन बसेपर्यंत जुनं तिथेच असतं आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं बाहेर काढता येतं. अट एकच: कार्डवर नवीन काही लिहायचं नाही. एक अक्षरही नाही.

कार्ड पाकिटात घातलं. पाकिटावर लिहिलं: हात लावू नये. कपाटात, वरच्या कप्प्यात.

बुधवार, ८ जानेवारी. सकाळी ७:१५

रिकव्हरी आजही करता येईल. अर्ध्या तासाचं काम आहे. करणार नाही. कारण:

गाणी बाहेर काढली की ती कुठेतरी कॉपी करावी लागतील. कॉपी करणार कोण? तीच ऑपरेटिंग सिस्टिम, जिनं ती रविवारी घालवली. म्हणजे जखमी माणसाला पुन्हा त्याच रस्त्यावर आणून झोपवायचं. आधी कॉपी करण्याची पद्धत सुधारली पाहिजे, मग रिकव्हरी.

चाळीस वर्षं लोक फायली कॉपी करतायत आणि चाळीस वर्षं उरलेला वेळ दाखवणारा तो पट्टा तीच थाप मारतोय. कोणीच काही बोलत नाही. मी बोलणार आहे. मी व्यवसायानं टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पाच वर्षांचा अनुभव आहे.

बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, मी तर बुवा सगळं तीन ठिकाणी ठेवतो. बाबांच्या डेस्कटॉपवर 'नवीन', 'नवीन नवीन' आणि 'हे बघू नये' असे तीन फोल्डर आहेत. तिन्हींत तेच फोटो. म्हटलं, याला पद्धत म्हणत नाहीत. ते म्हणाले, असू दे ना, माझं काय हरवलंय आजपर्यंत?

हा युक्तिवाद नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

अस्मिताला उरलेली ३१ गाणी दिली. पहिला टप्पा म्हटलं. ती खूश. ही तर शेजारच्या कान्हाच्या लग्नातली, म्हणाली. सुनयनाताईची कधी? सुनयना म्हणजे तिची मोठी बहीण.

म्हटलं, क्रमाक्रमानं.

एक तृतीयांश काम पूर्ण. वेळेत.

शनिवार, ११ जानेवारी

बाबा काल गमतीत म्हणाले, माल हलवण्याबद्दल विचारायचं तर आपल्या हौसेरावाला विचार, पस्तीस वर्षं पाठीवर वाहतोय. मला त्यात गंमत दिसली नाही. सकाळी साडेनऊला वाशीला गेले. कांदा-बटाटा मार्केट. हौसेराव साताऱ्याकडचे, बाबांच्या शेजारच्या गावचे. माथाडी आहेत.

त्यांनी चहा पाजला. मग विचारलं, पोरी, कॉम्प्युटरमधी हमाल कशाला लागतोय? समजावून सांगितलं, की आमच्याकडे माल इकडून तिकडे जाताना एकेक नग मूळ जागेवरून नाहीसा होत जातो.

आणि मोजता कवा?

मोजत नाही, म्हटलं.

त्यांनी दोघातिघांना हाका मारल्या. आरं, हिकडं या. ताईंची गाडी बघा, माल मोजायच्या आदीच पळती. सगळे हसले. एकानं विचारलं, ड्रायवर कोन हाय? मी थांबले. हसणं संपल्यावर हौसेराव म्हणाले, हे बघ, माल उतरायचा, मोजायचा, बराबर भरला तरच गाडी मोकळी सोडायची. मोजल्याबिगर आपण गाडी सोडत न्हाय. मालक आला तरी न्हाय.

वहीत लिहून घेतलं. हे अचूक आहे.

मग विचारलं, एकाच नावाच्या दोन गोणी आल्या तर? म्हणाले, नावाचं काय घेऊन बसलीस, हितं समद्याच गोणींवर कांदा लिवलंय. उघडून बघायची. न्हायतर ज्याचा माल त्याला इचारायचं.

हा मुद्दा कालबाह्य आहे. वापरणाऱ्याला विचारणं म्हणजे स्वतःची जबाबदारी त्याच्या गळ्यात मारणं. रविवारी मला विचारलं नसतं तर मी उत्तर दिलं नसतं, आणि उत्तर दिलं नसतं तर काहीच झालं नसतं.

माझ्या प्रोग्रॅमचं नाव: हमाल.

नियम. आधी पोचव, मग मोज, मग मूळ जागा मोकळी कर. वेळेचा अंदाज सांगू नको. माणसाला काही विचारू नको.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ वाटला. अस्मितानं माझ्या हातावर दोन ठेवले आणि म्हणाली, एक गोड बोलायला, एक गाणी द्यायला. म्हटलं, एका तासात स्थिती सांगते.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या सूचनापेटीत प्रस्ताव टाकला. कंपनी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवाली. अकरा पानं. शीर्षक: फायली हलवण्याच्या पद्धतीतील मूलभूत दोष व त्यांचे निराकरण. इंग्रजीत.

संध्याकाळपर्यंत दोन मतं. एक माझं. एक बाबांचं. बाबांचं खातं मीच उघडलं, पण मत त्यांनी स्वतः विचार करून दिलं. मी फक्त कुठे दाबायचं ते दाखवलं.

गुरुवार, १६ जानेवारी

कंपनीनं प्रस्ताव बंद केला. कारण: हा विषय आधीच मांडलेला आहे.

सोबत जुन्या प्रस्तावाची लिंक. उघडली. अकरा वर्षांपूर्वीचा. तोही बंद. कारण तेच. त्यातली लिंक उघडली. पान सापडत नाही.

मी दोन्ही शब्दशः ताडून पाहिले. शीर्षक सारखं आहे. आतलं पूर्ण वेगळं आहे. नाव सारखं दिसलं म्हणून आतला माल सारखाच, असं धरून चालणारी माणसं ही. यांच्या हातात लोकांच्या फायली आहेत.

माघार नाही. स्वतः करून दाखवते.

शनिवार, १८ जानेवारी. दु. ४:२०

हमाल चालला. आवृत्ती ०.१. माझ्या नव्या पेनड्राइव्हवर पन्नास फायली, पन्नास पोचल्या, पन्नास मोजल्या, मग मूळ जागा मोकळी. चार सेकंद.

समाधान नाही. नवा पेनड्राइव्ह म्हणजे गुळगुळीत रस्ता. त्यावर कोणीही गाडी चालवेल. खरी परीक्षा जुन्या, संथ, मध्येच अडखळणाऱ्या कार्डवर व्हायला हवी. घरात असं एकच कार्ड आहे.

४:५०

एक फाइल. १२ केबी. तीही लगेच काढून टाकली. पोस्टकार्डावर टाचणी टोचल्याइतकी जागा. टेस्टिंगमध्ये याला धोका म्हणत नाहीत.

हमाल यशस्वी.

रविवार, १९ जानेवारी

चाळीस फायली. ३०० एमबी. कार्ड ३२ जीबीचं, हरवलेली गाणी मिळून दीड जीबी. चाचणीच्या फायली नेमक्या त्यांच्यावरच जाऊन बसण्याची शक्यता कमी आहे. किती कमी हे मोजलं नाही. कमी असल्यामुळे मोजायची गरज नाही.

अठ्ठावीस नंबरला हमाल अडकला. हा दोष पेनड्राइव्हवर कधीच दिसला नसता. म्हणजे कार्ड वापरण्याचा निर्णय बरोबर होता.

दुरुस्त केला. पुन्हा चाळीस. पुन्हा चाळीस.

मंगळवार, २१ जानेवारी

पार्थ माझा टीम लीड आहे. माझी स्क्रीन बघायला पाठीमागे कधी उभा राहिला कळलं नाही. म्हणाला, हे काय, कॉपी करायचं टूल? अगं अशी ढिगानं आहेत. वीस वर्षं जुनी. फुकट. मोजून-बिजून देतात.

म्हटलं, माहीत आहे. मुद्दाम पाहिली नाहीत. त्यांचा प्रभाव पडला असता.

म्हणाला, बरं. मग एकाच नावाच्या दोन फायली आल्या तर तुझा हमाल काय करतो?

शेवटी आलेली ठेवतो.

आणि आधीची?

मी सांगितलं, की ०.३ मध्ये हा प्रश्न घेतलेला आहे. तो म्हणाला, घेतलेला आहे म्हणजे सोडवलेला आहे का? आणि हसत कॉफी आणायला गेला. जाता जाता अस्मिताला म्हणाला, हिला कधी लग्नाचा अल्बम देऊ नकोस हां, शेवटचा फोटोच उरेल. अस्मिता मोठ्यानं हसली.

मी हसले नाही. वेळ नव्हता.

शनिवार, २५ जानेवारी

तळवलीला गेले. अस्मिता बरेच दिवस म्हणत होती. घणसोलीपासून रिक्षा. घरासमोर मांडवाचे खांब येऊन पडले होते.

आजी ओट्यावर बसल्या होत्या. गळ्याला मफलर. अस्मितानं ओळख करून दिली, ही क्षिप्रा. आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कुजबुजल्या, ही गो ती? कंप्युटरवाली? मना वाटला मोठी आसंल.

आतून अस्मिताची आई ओरडली, आये, बोलू नको! आजी म्हणाल्या, गायाची बंदी हाय, बोलायची नाय. तुजाच डॉक्टर बोलला.

राहीबाई सराव करत होत्या. कान्हाच्या लग्नातली गाणी त्यांना चांगली बसली आहेत. मग पितरांच्या गाण्याला थांबल्या. मला थोडक्यात समजलं ते असं: हळदीच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. एकेक नाव, पिढीमागून पिढी. ते झाल्याशिवाय हळद लागत नाही. कान्हाच्या फायलीत कान्हाच्या घरची नावं आहेत. अस्मिताच्या घरची नावं सुनयनाच्या लग्नात घेतली होती. तेवढी एकदाच.

मी सुचवलं, आजींनी नावं नुसती सांगावीत, मी आत्ता टाइप करते. लॅपटॉप उघडला. आजींनी बोटं मोजायला सुरुवात केली. चार नावं झाली. पाचव्याला थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चार. डोळे मिटून ओठ हलवले, चाल पकडायला लागल्या, तशी अस्मिताची आई धावत आली.

आजी म्हणाल्या, गायला लागली का येतान नावां. सांगायला बसली का पलतान. वीस-बावीस मानसां हायेत, कोनाला सोडला तर रुसंल ना.

राहीबाई मला म्हणाल्या, माजा सगला भार तुज्यावर हाय बाय. चुकीचा नाव घेतला तर मांडवात मनाच बोलतील. आजींनी हात हलवून त्यांना गप्प केलं. माझ्याकडे वळल्या. तुजेकरं हायेत ना गानी? मंग मना भ्याव नाय.

मी मान हलवली. कोणत्या दिशेनं, हे त्यांनी पाहिलं नसावं.

निघताना मला भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली. नको म्हटलं. तरी दिली.

उद्या रिकव्हरी. सकाळी पहिलं काम.

रविवार, २६ जानेवारी. सकाळी ९:३०

सोसायटीत झेंडावंदन झालं. कार्ड काढलं.

कालच्या भेटीनंतर एक गोष्ट स्पष्ट आहे. गाणी फार मौल्यवान आहेत. इतका मौल्यवान माल अर्धवट तपासलेल्या हमालाच्या पाठीवर देणं बेजबाबदारपणा ठरेल. एकच चाचणी बाकी आहे. कार्ड काठोकाठ भरलं तर हमाल काय करतो? हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दु. २:२०

संपूर्ण यश. आवृत्ती ०.४. ११,४१२ फायली. कार्ड पूर्ण भरलं, हमालानं शेवटची फाइल दारातच थांबवली, नीट कळवलं, काहीही पाडलं नाही. मग सगळ्या मोजल्या. मग मूळ जागा मोकळी केली. मग सगळ्या परत आणल्या. पुन्हा मोजल्या. ११,४१२.

एकही फाइल हरवली नाही. चाळीस वर्षांत जे कोणाला जमलं नाही ते सानपाड्यात, आमच्या घरी, तीन आठवड्यांत झालं. बाबांना बोलावून दाखवलं. बाबा म्हणाले, अरे वा. मग त्या पोरीची गाणी दिलीस का?

दु. २:४०

रिकव्हरी चालवली. सापडलेल्या ऑडिओ फायली: ०.

सॉफ्टवेअर सदोष असावं. फुकटचं होतं.

दु. ४:१५

दुसरं सॉफ्टवेअर. ०.

दु. ५:०५

तिसरं. ०. तिन्ही सॉफ्टवेअर एकाच सदोष तत्त्वावर बेतलेली आहेत.

बुधवार, २९ जानेवारी

अस्मिता कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसली. ताट बाजूला सारलं. म्हणाली, क्षिप्रा, सहा तारखेला तू दोन दिवस म्हणालीस. संक्रांतीला एक तास म्हणालीस. काल म्हणालीस, आठवडा लागेल. नक्की किती राहिलंय ते एकदा सांग ना, म्हणजे मी राहीमावशीला सांगते.

म्हटलं, शेवटचा टप्पा.

म्हणाली, तो टप्पा किती लांब आहे?

अस्मिताला तांत्रिक कामांचे अंदाज कसे करतात याची कल्पना नाही. ते बदलतात. मी शांतपणे सांगितलं. तिनं ताट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाली, तुला काही मदत हवी का? घरी काही झालंय का?

नाही म्हटलं.

तिनं लग्नाची पत्रिका दिली. माझं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. खाली: हळदीला नक्की. दोन दिवस आधीच राहायला ये.

शनिवार, १ फेब्रुवारी

वाशी, सेक्टर १७. डेटा काढून देणारं छोटं दुकान. चालवणारा स्वराज, माझ्याच वयाचा. कार्ड दिलं. विचारलं, काय झालं होतं? म्हटलं, ऑपरेटिंग सिस्टिमनं फायली घालवल्या. म्हणाला, सगळे हेच म्हणतात. नंतर काही लिहिलं का यावर?

किरकोळ, म्हटलं.

सोमवारी या म्हणाला.

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६:५०

ऑफिसातून थेट गेले. स्वराजनं मला बघताच अंगठा वर केला. मॅडम, कमाल झाली, असली रिकव्हरी मी आजपर्यंत बघितली नाही. अकरा हजारांवर फायली. एक पण खराब नाही. शंभर टक्के.

मी खुर्चीवर बसले.

त्यानं स्क्रीन वळवली. हमाल_चाचणी_०००१. हमाल_चाचणी_०००२. तो खाली खाली सरकवत राहिला. म्हणाला, ज्यानं लिहिलंय ना, काय सफाईनं लिहिलंय. कोपरा पण सोडला नाही. तुमचीच ना ही?

माझीच, म्हटलं.

याच पाहिजे होत्या ना?

मी विचारलं, याच्या खाली काही आहे का? तो म्हणाला, खाली कुठून असणार, वरून खालपर्यंत सगळं नवीन लिहिलंय. एक तुकडा तेवढा राहिलाय अगदी टोकाला. सहा सेकंद. कामाचा नाही.

त्यानं तो वाजवला. भांड्यांचा आवाज. कोणीतरी हसतंय. मग आजींचा आवाज, धडधाकट, ऑपरेशनच्या आधीचा: चालू जाला कं गो? गाऊ?

इथे संपतो.

७:४०

घरी तो तुकडा सात वेळा ऐकला. आवाजाचा दर्जा तपासण्यासाठी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ६:३०

रजा टाकली. अस्मिताला लिहायला बसले. पहिला मसुदा. १,१०० शब्द. वाचून तपासला. 'ऑपरेटिंग सिस्टिम' ३८ वेळा. 'दोष' २१ वेळा. 'माफ कर' ० वेळा. कार्डवरच्या चाचण्यांचा उल्लेख एका तळटीपेत.

तर्काच्या दृष्टीनं मसुद्यात एकही चूक नाही. कंपनीची पद्धत वाईट आहे, हे मी आजही कुठेही सिद्ध करून दाखवीन. तो प्रश्न विचारण्याची ती जागा नव्हती, तो चौकोन तिथे नको होता, आणि हलवण्याआधी मोजलंच पाहिजे. यातला एक शब्दही मागे घेत नाही.

दु. १:००

दुसरा मसुदा. ४०० शब्द. 'ऑपरेटिंग सिस्टिम' ९ वेळा.

बाबांना वाचायला दिला. बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाले, छान लिहिलंय. पण तिची गाणी कुठायत, ते यात दिसलं नाही मला.

दु. ३:१०

पाच तारखेलाच अर्धा तास दिला असता तर सगळी ६२ मिळाली असती. हे गणित आज पहिल्यांदा मांडलं. तीन वेळा तपासलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ८:०५

पाठवलेला मजकूर, नोंदीसाठी:

अस्मिता,

तुझ्या कार्डवरची ६२ गाणी माझ्या हातून गेली. सुनयनाताईच्या लग्नातली सगळी त्यात आहेत, पितरांचंही. ५ जानेवारीला मी ती चुकीची हलवली. तेव्हा ती परत मिळाली असती. मी कार्ड तीन आठवडे अडवून ठेवलं आणि माझ्या प्रोग्रॅमच्या चाचण्यांना वापरलं, म्हणून आता मिळणार नाहीत. महिनाभर तुला चालू आहे म्हणत होते. काही चालू नव्हतं. माफ कर.

आजींच्या आवाजाचे सहा सेकंद मिळाले. सोबत आहेत. त्यात गाणं नाही.

सुनयनाताईच्या लग्नाचं शूटिंग ज्यानं केलं त्याचा नंबर मला हवा आहे. व्हिडिओवर त्यानं सिनेमाची गाणी चढवली असतील, पण मूळ शूटिंग त्याच्याकडे असेल तर त्यात आजी गाताना ऐकू येतील. मी स्वतः जाईन. मिळालं तर कशालाही हात न लावता राहीबाईंना त्याच्याच दुकानात नेऊन ऐकवीन.

आजींना तू सांगशील की मी येऊन सांगू? आणि हळदीला मी यावं की नको, तेही स्पष्ट लिही.

हळद १५ ला आहे. शनिवार, ८ तारखेपर्यंत उत्तर दे.

क्षिप्रा